टेक्ससची नीलगाय आणि आपले शेत

विदर्भात रोहींनी, म्हणजे नीलगायींनी, हरभरा-तूर फस्त केली की एक मजकूर हमखास फिरू लागतो. भारतात संपत आलेली नीलगाय अमेरिकेने टेक्ससच्या कुरणांवर नेऊन वाचवली, तिथे ती कुंपणात राहते, कोणाला उपद्रव देत नाही, आणि हे सारे शिकारीच्या मोकळिकीमुळे घडले. तेव्हा आपणही तेच करावे, असा त्याचा सूर असतो.

पहिले विधान चटकन निकालात काढता येते. 1920-30च्या दशकांत टेक्ससमधल्या किंग रँच या मोठ्या पशुपालन कुरणाने प्राणिसंग्रहालयांतून नीलगायी आणल्या त्या शिकारीसाठी. भारतात ही जात तेव्हाही संपत आली नव्हती आणि आजही धोक्यात नाही.

कुंपणाचे म्हणणे तर मुळातच चुकीचे आहे. अडीचशे किलोंपर्यंत भरणारा नरही सहसा उडी न मारता खालच्या तारेखालून अंग चोरून पलीकडे निघतो. या मोकळ्या वावरातूनच गोचिडांचा प्रश्न चिघळला आहे. गुरांना ताप आणणारी गोचीड अमेरिकेने 1906पासून मोहीम राबवून 1943पर्यंत हटवली. केवळ मेक्सिकोच्या सीमेलगत, रिओ ग्रांदेच्या काठाने, विलगीकरणाचा कायमचा पट्टा उरला. ही गोचीड आपल्या तिन्ही अवस्था एकाच जनावराच्या अंगावर काढत असल्यामुळे गुरे ठरावीक काळाने गोळा करून औषधात बुडवली की तिचे चक्र तुटते. नीलगायी अशा गोळा करता येत नाहीत, हरणांवरच्या गोचिडी माराव्यात म्हणून ठेवलेल्या औषध घातलेल्या मक्याकडे त्या फारशा फिरकत नाहीत, आणि दूरवर भटकत गोचिडी पसरवतात. त्यामुळे कुंपणाखालच्या त्यांच्या वाटांवर आपोआप फवारा उडवणारी यंत्रे बसवण्याचे प्रयोग तिथल्या संशोधकांना करावे लागले. ‘उपद्रव नाही’ हे वाक्य तिथल्या एखाद्या पशुपालकाला ऐकवून पाहावे!

शिकारीची मोकळीक मात्र खरी आहे. परदेशी प्राण्यांसाठी टेक्ससमध्ये बंद हंगाम नाही आणि जमीन बहुतांश खासगी आहे. परंतु शिकारी पैसे मोजून येतो, म्हणजे कळप टिकण्यातच मालकाचे हित असते. अकोला-वाशीमच्या शेतकऱ्याला तो कळप शेतात नकोच आहे. फेब्रुवारी 2021मध्ये टेक्ससमध्ये नीलगायी मोठ्या संख्येने मेल्या, पण त्या शिकारीने नव्हे, कडाक्याच्या थंडीने.

शिवाय आपल्याकडे मारण्यास सरसकट बंदी आहे, हा समजही अपुरा आहे. 1972च्या वन्यजीव कायद्याच्या कलम 11नुसार उभ्या पिकाच्या रक्षणासाठी परवानगी मिळू शकते. बिहारमध्ये तर 2016 साली मोकामा भागात 200हून अधिक नीलगायी मारल्या गेल्या, आणि 2019 साली वैशाली जिल्ह्यात तीच मोहीम पुन्हा काढावी लागली.