पेट स्कॅनच्या मेसेजबद्दल खुलासा
पेट स्कॅन म्हणजे शरीरात कॅन्सर कुठे आहे ते दाखवणारी तपासणी. तिच्याबद्दल रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या ग्रुपांवर फिरतंय : ‘पेट स्कॅनला साखर टोचतात, त्याने कॅन्सर वाढतो, माणूस महिनाभर किरणं सोडतो.’ हे खरं नाही. टोचतात तो ग्लुकोजसारख्या द्रव्याचा अत्यल्प अंश, किरणं सोडणारं फ्लोरिन-18 जोडलेला. त्याची किरणं दर 110 मिनिटांनी निम्मी होतात. 12 तासांत शंभरातला जेमतेम एक भाग उरतो. भरपूर पाणी प्या, सहाएक तास तान्ह्या बाळाला मांडीवर घेऊ नका, गरोदर बाईपासून लांब बसा.

स्कॅन बिघडतो तो तपासणीला जाताना वाटेत आंबा घाटात घेतलेल्या गोड चहाने! इन्सुलिन वाढतं, टोचलेलं द्रव्य गाठीऐवजी स्नायूंत ओढलं जातं, कॅन्सरची गाठ फिकी दिसते. आधीचे सहा तास फक्त साधं पाणी. कोकम सरबतही नको. मधुमेहाच्या गोळ्या-इन्सुलिनचं केंद्रात आधीच विचारा.

या भीतीने पेशंट तपासणीच टाळतात. कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका.