"फॉरमॅट मारा" म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

सोसायटीचा ग्रुप, शाळेच्या बॅचचा ग्रुप, मावस-चुलत भावंडांचा ग्रुप. मुंबईत यांपैकी एकातही नसलेला माणूस सापडणं कठीण, आणि सध्या या सगळ्यांत एकच मेसेज फिरतोय. त्यातला मजकूर असा: "कॉम्प्युटरवर आपोआप जाहिराती उघडतायत? सावधान! हा व्हायरस आहे. नको त्या साइट बघितल्याने येतो. फॉरमॅट मारणे हा एकमेव उपाय. ते जमत नसेल तर खालच्या लिंकवरून फ्री क्लीनर टाका. विकतचा अँटिव्हायरस असेल तर घाबरू नका. रोज हिस्टरी उडवा, इनकॉग्निटो वापरा. ॲपलवाल्यांनी दुर्लक्ष करावे. किमान दहा जणांना पाठवा."

दादर-परळ पट्ट्यातल्या छोट्या ऑफिसांची आणि घरांची मशीनं सांभाळणं हा माझा धंदा आहे. असे मेसेज फिरले की धंद्याला बरकतच येते. तरीही यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य चुकीचं आहे आणि एक तर सरळसरळ सापळा आहे, म्हणून हे लिहितोय.

आधी "व्हायरस" आणि "नको त्या साइट". ॲडवेअर, म्हणजे जाहिराती घुसवणारं सॉफ्टवेअर, सहसा स्वतःच्या पायांनी एका मशीनवरून दुसऱ्यावर जात नाही. कुठल्यातरी फुकटच्या सॉफ्टवेअरबरोबर ते येतं, इन्स्टॉल होताना बारीक अक्षरांत परवानगी विचारतं, आणि आपण "नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश" करत ती देऊन टाकतो. "नको त्या साइट" हे शब्द चुकीचे तर आहेतच, वर उपद्रवी आहेत. घरातल्या निवृत्त काकांच्या लॅपटॉपवर रमीच्या जाहिराती उघडायला लागल्या की मेसेज वाचलेलं अख्खं घर काकांकडे बघायला लागतं. मग काका कुणाला काही दाखवत नाहीत, आणि तो लॅपटॉप तसाच चालू राहतो, त्यावरच पेन्शनचं खातंही उघडलं जातं.

परळच्या एका डीटीपीवाल्याचं मशीन माझ्याकडे आलं होतं. लग्नपत्रिका, बारशाची आमंत्रणं, मंडळाच्या पावत्या, असं त्याचं काम. गूगल इनपुट टूल्सचा विंडोजवर ऑफलाइन चालणारा इन्स्टॉलर गूगलने काढून घेतलाय, पण लोक तो अजून शोधतात, आणि कुणीतरी भलत्याच साइटवर तो ठेवलेला असतो. याने तोच उतरवला होता. ते पान मी मुद्दाम उघडून पाहिलं. डाउनलोड लिहिलेली हिरवीगार मोठी बटणं, ती सगळी जाहिरातींची. खरी लिंक खाली राखाडी बारीक अक्षरांत. इन्स्टॉलरच्या दुसऱ्या पडद्यावर "एक्स्प्रेस (रेकमेंडेड)" आधीच निवडलेलं, आणि "कस्टम" इतकं फिकट की ते बंदच असावं असं वाटतं. कस्टमवर टिचकी मारली तर आत टिकमार्क करून ठेवलेलं: एक सर्च बार, एक शॉपिंगचा मदतनीस, एक ड्रायव्हर अपडेटर. पुढच्या पडद्यावर "ॲक्सेप्ट" निळं, "डिक्लाइन" करडं. करडं असलं तरी ते दाबलं जातं, हे बहुतेकांना कळतच नाही. हा गृहस्थ आयुष्यात कुठल्या साइटवर गेला नि नाही, त्याच्याशी मला कर्तव्य नाही. जाहिराती घुसल्या त्या मराठी टाइप करायच्या गरजेपोटी.

आणि हे फक्त चोरट्या साइटवर चालतं असंही नाही. जावासारख्या जगभर वापरल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरच्या इन्स्टॉलरमधून वर्षानुवर्षं आस्क टूलबार गळ्यात मारला जात होता. सोर्सफोर्ज ही मुक्त सॉफ्टवेअरची नावाजलेली साइट; तिथेही २०१३ पासून इन्स्टॉलरला जाहिरातींचं शेपूट लावायला सुरुवात झाली, आणि २०१६ मध्ये साइटचे मालक बदलले तेव्हा कुठे ते थांबलं.

मराठीसाठी मुळात काही उतरवायची गरज राहिलेली नाही. विंडोज १० मध्ये २०१९ पासून मराठी फोनेटिक कीबोर्ड आतच आहे. सेटिंग्जमध्ये टाइम अँड लँग्वेज उघडा, भाषांत मराठी जोडा, तिच्या ऑप्शन्समध्ये जाऊन फोनेटिक कीबोर्ड निवडा. "namaskar" असं रोमन टाइप करायची सवय असलेल्यांनाही तो दोन दिवसांत हाताला बसतो.

आता फॉरमॅट. "अहो, मारून टाका ना फॉरमॅट, कटकट नको," हे मी इतक्यांदा ऐकतो, आणि प्रत्येक वेळी आधी विचारतो, "टॅलीचा बॅकअप कुठाय? पत्रिकांचे जुने फॉन्ट कुठायत?" समोर शांतता. रोगापेक्षा इलाज भयंकर, आणि इथे तर इलाज लागू पडेलच याचीही खात्री नाही. क्रोममध्ये आपण गूगल खात्याने लॉग-इन केलेलं असतं आणि सिंक चालू असतं. फॉरमॅट करून, नवं विंडोज टाकून, क्रोम बसवून त्याच खात्याने आत शिरलात की सगळी एक्स्टेन्शनं (ब्राउझरला जोडलेले छोटे प्रोग्रॅम) निमूटपणे परत येतात, जाहिरातींचं एक्स्टेन्शनही. ग्राहक म्हणतो व्हायरस फार चिवट आहे. चिवट काही नाही, आपणच त्याला परत बोलावलेलं असतं.

दुसरी शक्यता राउटरची. त्याच वायफायवरच्या मोबाइलवरही तशाच जाहिराती येत असतील तर कॉम्प्युटर कितीही धुवा, उपयोग शून्य. राउटरमधला डीएनएसचा, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणाऱ्या यंत्रणेचा, पत्ता कुणीतरी बदललेला असू शकतो. डीएनएसचेंजर नावाचं मालवेअर पसरवणाऱ्या टोळीने हेच डीएनएस बदलून जगभरातली सुमारे ४० लाख कॉम्प्युटर भलतीकडे वळवली होती. तिचे लोक २०११ मध्ये पकडले गेले. अशा वेळी राउटर रीसेट करून ॲडमिनचा पासवर्ड बदलायचा. पण रीसेटच्या भोकात टाचणी घालण्याआधी केबलवाल्याकडून इंटरनेटचं युजरनेम-पासवर्ड लिहून घ्या, नाहीतर रविवारी संध्याकाळी तो फोन उचलत नाही आणि घरात सगळे तुमच्या नावाने बोटं मोडतात.

तिसरी शक्यता दुर्मीळ, पण बोलकी. २०१४ च्या सप्टेंबरपासून काही महिने विकलेल्या लेनोवोच्या काही लॅपटॉपांवर सुपरफिश नावाचं जाहिराती घुसवणारं सॉफ्टवेअर कंपनीतूनच भरून आलं होतं. ते नुसतं अनइन्स्टॉल केलं तरी त्याने बसवलेलं सर्टिफिकेट (साइट खरी असल्याची ग्वाही देणारा दाखला) मागे राहायचं, आणि ते असेपर्यंत बँकेच्या साइटवरचं कुलूपही भरवशाचं नव्हतं. अशा लॅपटॉपवर कंपनीच्या रिकव्हरीतून फॉरमॅट मारला, की कंपनीने जे भरलं तेच परत.

मग करायचं काय? आधी जाहिरात कुठे दिसते ते बघा. पडद्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात चौकट सरकत वर येत असेल, तर बहुतेक वेळा मशीनमध्ये काही शिरलेलंच नसतं. कुठल्यातरी पानाने "तुम्ही रोबो नाही हे सिद्ध करायला अलाउ दाबा" म्हटलं आणि तुम्ही दाबलं, एवढंच. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, तिथे साइट सेटिंग्ज, त्यात नोटिफिकेशन्स. परवानगी दिलेल्या साइटची यादी समोर येते. अनोळखी नावं काढून टाका. पाच मिनिटांचं काम, आणि यासाठी पाच-सातशे रुपये मोजून फॉरमॅट मारून घेणारे लोक मी पाहिलेत.

जाहिराती पानाच्या आत येत असतील किंवा सर्च इंजिन आपोआप बदललं असेल, तर एक्स्टेन्शनं तपासा. त्यानंतर कंट्रोल पॅनेलमधली प्रोग्रॅमची यादी तारखेप्रमाणे लावा. त्रास सुरू झाला त्या दिवशी काय काय बसलं ते एका ओळीत दिसतं. सगळं काढूनही ब्राउझर उघडताच तेच पान येत असेल तर डेस्कटॉपवरच्या क्रोमच्या शॉर्टकटवर राइट-क्लिक, प्रॉपर्टीज, आणि टार्गेटची चौकट. तिथली ओळ सरकवत शेवटपर्यंत न्या. प्रोग्रॅमच्या नावाच्या अवतरणचिन्हानंतर एखाद्या साइटचा पत्ता चिकटवलेला सापडला तर चोर तिथेच. तो तेवढाच भाग खोडायचा. ठरावीक वेळाने आपोआप खिडकी उघडत असेल तर टास्क शेड्यूलर, म्हणजे ठरल्या वेळी प्रोग्रॅम चालवणारी विंडोजची सोय, बघा. आणि घरच्या मशीनवर क्रोमच्या मेनूत "तुमच्या संस्थेद्वारे व्यवस्थापित" असं दिसत असेल तर एक्स्टेन्शन काढायचं बटण चालणार नाही, कारण ॲडवेअरने स्वतःला ऑफिसचा साहेब म्हणून रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीत) नोंदवलेलं असू शकतं. हे मात्र जाणकाराकडून करून घ्या.

फॉरमॅटची खरी वेळही येते, नाकारत नाही. क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर टाकलं असेल आणि मेलचे किंवा बँकेचे पासवर्ड गेल्याची शंका असेल, तर मीच फॉरमॅट सुचवतो, आणि पासवर्ड दुसऱ्या, स्वच्छ मशीनवरून बदलायला लावतो.

"खालच्या लिंकवरून फ्री क्लीनर." हाच तो सापळा. आखूड केलेली लिंक, मागे कोण आहे पत्ता नाही. असली क्लीनर उघडताच लाल अक्षरांत शेकडो एरर दाखवतात आणि दुरुस्तीचे पैसे मागतात. फुकट आणि चांगलं हवंच असेल तर मालवेअरबाइट्स या कंपनीचं ॲडडब्ल्यूक्लीनर आहे, पण ते त्यांच्याच साइटवरून घ्या, पत्ता हाताने टाइप करून. सर्चमध्ये सगळ्यात वर येतं ते बऱ्याचदा विकत घेतलेलं जाहिरातीचं स्थान असतं; २०२२ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या एफबीआयने याच कारणासाठी लोकांना ॲड-ब्लॉकर वापरायला सांगितलं होतं. ॲड-ब्लॉकरही नाव नीट वाचून घ्या. २०१७ मध्ये ॲडब्लॉक प्लसचं बनावट रूप क्रोमच्या अधिकृत दुकानातच ३७ हजार लोकांनी उतरवलं होतं. आपल्याकडे सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेचं सायबर स्वच्छता केंद्रही २०१७ पासून मोफत साफसफाईची साधनं देतं, त्याचं फॉरवर्ड कुणी फिरवत नाही.

विकतच्या अँटिव्हायरसवर विसंबणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावं. तुम्ही "ॲक्सेप्ट" दाबलेलं असतं, त्यामुळे ॲडवेअर कायद्याच्या काठावर उभं असतं. झँगो नावाच्या ॲडवेअर कंपनीने तर तिचं सॉफ्टवेअर अडवलं म्हणून कॅस्परस्की या अँटिव्हायरस कंपनीवरच अमेरिकेत दावा लावला होता. २००९ मध्ये अपिलात निकाल कॅस्परस्कीच्या बाजूने लागला. अशा सॉफ्टवेअरला अँटिव्हायरसवाले "व्हायरस" न म्हणता "नकोसं असू शकणारं" म्हणतात, आणि ते अडवायचं की नाही हे बरेचदा सेटिंगवर सोडतात. विंडोजच्या स्वतःच्या डिफेंडरमध्येही ॲप अँड ब्राउझर कंट्रोलखाली, रेप्युटेशन-बेस्ड प्रोटेक्शनमध्ये हे सेटिंग आहे. आत्ताच उघडून बघा, चालू आहे का. आणि अँटिव्हायरस म्हणजे सोवळं असंही नाही: लोकांचा ब्राउझिंगचा तपशील विकल्याबद्दल अव्हास्ट या अँटिव्हायरस कंपनीला २०२४ मध्ये अमेरिकेत १ कोटी ६५ लाख डॉलर मोजावे लागले.

हिस्टरी उडवल्याने ॲडवेअरच्या केसालाही धक्का लागत नाही. इनकॉग्निटोत जाहिराती कधीकधी थांबतात खऱ्या, कारण आपण परवानगी दिली नसेल तर तिथे एक्स्टेन्शनं बंद असतात. म्हणजे इनकॉग्निटो हा उपाय नव्हे, निदान आहे: तिथे थांबल्या तर दोषी एक्स्टेन्शनच असण्याची शक्यता जास्त.

ॲपलवाल्यांनी दुर्लक्ष करू नये. फ्लॅश प्लेअरचं अपडेट असल्याचं सोंग घेऊन येणारं श्लेयर नावाचं मालवेअर २०१९ मध्ये कॅस्परस्की वापरणाऱ्या दर दहा मॅकपैकी एकावर आढळलं होतं. फ्लॅश तर २०२० अखेर बंदच झालं. आज कुणी फ्लॅश अपडेट करायला सांगत असेल तर खिडकी बंद करा.

मेसेजमध्ये नसलेली एक गोष्ट, कारण सगळ्यात जास्त पैसे तिथेच जातात. अख्खा पडदा व्यापणारं पान, भोंग्यासारखा आवाज, आणि "मायक्रोसॉफ्टच्या या नंबरवर फोन करा". विंडोजच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो. एस्केप दाबून धरा, नाही जमलं तर कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करा. फोन केलाच असेल आणि पलीकडच्याला मशीनचा ताबा दिला असेल तर आधी इंटरनेट तोडा. पैसे गेले असतील तर लगेच बँकेला कळवा आणि सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन लावा. जितका उशीर, तितके ते पैसे पुढच्या खात्यात सरकलेले असतात.