पेपर एकच होता ना!

प्रवेश परीक्षेच्या दर निकालाला तेच वाक्य, "पेपर सगळ्यांना सारखाच होता ना!" हो, होता. पण तयारी?

एकाने दोन वर्षांत पन्नास सराव परीक्षा दिलेल्या असतात, दुसरा गोल काळे करायची उत्तरपत्रिका पहिल्यांदा हातात घेतो तीच परीक्षेच्या दिवशी. बरोबर उत्तराला चार गुण, चुकीला वजा एक. चारातले दोन पर्याय खोडता आले तर बिनधास्त ठोकून द्यायचं, सरासरी फायदाच होतो, हे पहिल्याला क्लासमध्ये घोटवलेलं असतं. दुसरा वजा गुणांच्या धास्तीने प्रश्न कोरे सोडून येतो. यात हुशारी मोजली की फी?

आणि नापास झाल्यावरची गंमत तर विचारूच नका. एकाला "एक वर्ष ड्रॉप घे, बाळा", दुसऱ्याला "आता कामाला लाग". परीक्षेत दोघांना संधी सारखीच, बरं का!

क्लास बंद करा म्हणणाऱ्यांनाही माझा दंडवत. दक्षिण कोरियाने १९८० मध्ये खासगी शिकवण्यांवर बंदी घालून पाहिली. शिकवण्या चोरून चालू राहिल्या, आणि २००० मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने ती बंदीच रद्द केली. मूठभर जागांसाठी लाखोंची झुंबड असेल तर पैसा वाट काढणारच. जागा वाढवा, सरकारी शाळेत नीट शिकवा, हे मात्र कुणी बोलत नाही.

वर टॉपरची मुलाखत: "मी फक्त सेल्फ स्टडी केला." मागच्या फ्लेक्सवर क्लासचं नाव ह्या एवढ्या अक्षरात!