मेणबत्ती जळतेय म्हणून टाकीत उतरू नका

पावसाळ्याआधी टाक्या आणि विहिरी साफ करायची वेळ आली की एक मेसेज पुन्हा फिरायला लागतो. गावाकडच्या ग्रुपवर तो विहिरीच्या नावाने येतो, सोसायटीच्या ग्रुपवर सेप्टिक टँकच्या. मजकूर साधारण असा: उतरण्याआधी पेटती मेणबत्ती दोरीने खाली सोडा, जळत राहिली तर हवा चांगली आहे, बिनधास्त उतरा. वास येत नसेल तर गॅस नाही. तरीही शंका असेल तर नाकाला ओला रुमाल बांधा, कमरेला दोरी बांधा, वर दोन माणसं उभी करा. आणि जाता जाता एक टोला: 'परमिट, पीपीएम, एलईएल, कन्फाइन्ड स्पेस ही सगळी कंपनीवाल्यांची नाटकं. आपले वाडवडील असंच उतरायचे, कुणाला काही झालं नाही.' (कन्फाइन्ड स्पेस म्हणजे टाकी-विहिरीसारखी बंदिस्त जागा, परमिट म्हणजे तिथे उतरण्याचा लेखी परवाना; पीपीएम आणि एलईएल पुढे येतीलच.)

मेसेजचं शेवटचं वाक्य आधी घेतो, कारण त्याच्याच जोरावर बाकीचं खपतं. झालं, आणि होतंय. एप्रिल २०२४ मध्ये नेवासे तालुक्यातल्या वाकडी गावात विहिरीत पडलेलं मांजर काढायला माणूस उतरला. ती जुनी विहीर बायोगॅसच्या स्लरीसाठी वापरात होती. त्याला काढायला दुसरा, दुसऱ्याला काढायला तिसरा, असे सहा जण गेले. पाच मेले. त्याच्या आदल्या वर्षी, मे २०२३ मध्ये, परभणीच्या सोनपेठ तालुक्यात सेप्टिक टँक साफ करताना पाच कामगार गेले. मार्च २०२५ मध्ये मुंबईत नागपाड्याला बांधकाम चालू असलेल्या इमारतीच्या टाकीत चार कामगार गुदमरले, आणि ती टाकी मैल्याची नव्हती, पाण्याची होती. वाडवडिलांच्या काळातही माणसं जातच होती. तेव्हा गावात 'विहीर झपाटलेली आहे' म्हणत आणि विषय संपवत.

आता मेणबत्ती. ही कल्पना अगदीच वेडगळ नाही, हे आधी मान्य करायला हवं. कोळशाच्या खाणींत ज्योतीवरून हवा ओळखायची पद्धत पिढ्यान्‌पिढ्या होती. १८१५ मध्ये हम्फ्री डेव्हीने ज्योतीभोवती तारेची जाळी बसवून खाणकामगारांचा दिवा केला, आणि असे दिवे पुढे शंभराहून जास्त वर्षं खाणींत फिरले. ज्योत विझली की मागे फिरायचं, हा नियम आजही खरा आहे. मेसेजची खोट दुसऱ्या अर्ध्यात आहे: विझली नाही म्हणजे उतरायचं.

मोकळ्या हवेत ऑक्सिजन २०.९ टक्के असतो. तो १९.५ टक्क्यांच्या खाली गेला की कारखान्यात कुणालाही आत सोडत नाहीत. मेणबत्ती विझते ती १६ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे माणसाला मनाई असलेल्या हवेतही ती बराच वेळ मजेत जळते. १६ टक्क्यांच्या सुमाराला माणसाचा श्वास वाढलेला असतो, हात जड होतात आणि मुख्य म्हणजे अक्कल काम करेनाशी होते. शिडी दोन हातांवर असली तरी तिच्याकडे जावं हे सुचत नाही. १० टक्क्यांच्या खाली शुद्ध जाते. ६ टक्क्यांच्या खाली काही मिनिटांचा प्रश्न. आणि यात घुसमट जाणवेलच असं नाही. श्वास कोंडल्याची जी तडफड आपल्याला माहीत आहे, ती मुख्यतः शरीरात कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे होते. नुसता ऑक्सिजन कमी असेल तर माणूस उच्छ्वास नीट टाकत असतो, त्यामुळे शरीर धोक्याची घंटाच वाजवत नाही. 'त्रास वाटला तर लगेच वर येईन' हे म्हणूनच फोल आहे. पाण्याची स्वच्छ टाकीही यातून सुटत नाही: बंद जागेत लोखंड गंजताना ऑक्सिजन खातं, सेंट्रिंगच्या ओल्या फळ्या कुजताना खातात.

बरं, ऑक्सिजन पुरेसा आहे असं धरून चालू. मैल्याच्या टाकीत खरा मारेकरी वेगळाच असतो, हायड्रोजन सल्फाइड. इथे ज्या 'पीपीएम'ची मेसेज टिंगल करतो, ते कामाला येतं. पीपीएम म्हणजे दहा लाखात एक भाग. एक टक्का म्हणजे दहा हजार पीपीएम. आठ तासांच्या कामासाठी हायड्रोजन सल्फाइडची आपल्या कारखाने कायद्याच्या परिशिष्टातली मर्यादा १० पीपीएम होती. १०० पीपीएमला जीवाला तात्काळ धोका धरतात. ७०० ते १००० पीपीएमला माणूस दोन-चार श्वासांत कोसळू शकतो. हे टक्क्यांत मांडा: ०.०७ ते ०.१. एवढ्याने ऑक्सिजनच्या आकड्यात कणभरही फरक पडत नाही, ज्योत साधी फडफडतसुद्धा नाही. कार्बन मोनॉक्साइडचं तेच. विहिरीत डिझेल इंजिन उतरवून पंप चालवला की तो साठतो, आणि १२०० पीपीएम, म्हणजे ०.१२ टक्के, ही त्याची जीवघेणी पातळी मेणबत्तीच्या गावीही नसते. साखर तोलायच्या काट्यावर सोनं तोलायला बसावं तसा हा प्रकार आहे.

आणि मेणबत्ती निरुपयोगी असती तरी चाललं असतं. ती घातक आहे. सडणाऱ्या मैल्यातून मिथेन निघतो. हवेत तो ५ टक्क्यांपासून १५ टक्क्यांपर्यंत असेल तर ठिणगी पुरते. या खालच्या ५ टक्क्यांच्या रेषेलाच 'एलईएल' म्हणतात. गॅस मीटरवर या रेषेचा किती भाग गाठला ते दिसतं: १० टक्के एलईएल म्हणजे हवेत अर्धा टक्का मिथेन, आणि एवढ्यावरच काम थांबवतात. म्हणजे रेषेपासून दहापट लांब असतानाच. मेसेज सांगतो, तिथे उघडी ज्योत सोडा. डेव्हीच्या दिव्याला जाळी होती ती शोभेसाठी नव्हती. आपल्याकडे १९४८ च्या कारखाने कायद्यात कलम ३६-अ घातलं गेलं तेही यासाठीच: पेट घेणारा वायू असण्याची शक्यता असलेल्या टाकीत ज्वालारोधक बनावटीशिवाय कुठलाही दिवा न्यायचा नाही. मेणबत्तीच्या जागी पेटता कागद टाकून बघणारे तर त्याच्याही पुढचे. तोंड मॅनहोलवर असतं त्यांचं.

'वास नाही म्हणजे गॅस नाही.' मिथेनला वास नसतो, कार्बन मोनॉक्साइडला नसतो. घरच्या सिलिंडरच्या गॅसचा जो वास येतो तो मुद्दाम मिसळलेला असतो. हायड्रोजन सल्फाइडला कुजक्या अंड्याचा वास असतो हे खरं, अगदी थोडा असला तरी येतो. पण १०० पीपीएमच्या पुढे काही मिनिटांतच नाक बधिर होतं. टाकीशी बसलेला माणूस म्हणतो, 'वास गेला, आता उतरतो,' तेव्हा बऱ्याचदा वास गेलेला नसतो, नाक गेलेलं असतं.

'झाकण रात्रभर उघडं ठेवलं की गॅस निघून जातो.' मिथेन हलका, तो थोडाफार जातो. हायड्रोजन सल्फाइड आणि कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड, ते तळाला बसून राहतात. काही गावांत कडुनिंबाचा डहाळा दोरीला बांधून खाली-वर करतात. वरची हवा हलते, तळाची जेमतेम. तळापर्यंत पोचणारा पाइप लावून ब्लोअर चालवावा लागतो, आणि माणूस आत असेपर्यंत तो बंद करायचा नसतो. कारण गाळात अडकलेला वायू पाय पडल्यावर, फावडं मारल्यावर सुटतो. सकाळी तपासलेली हवा दुपारी तीच राहत नाही. कित्येकदा पहिला माणूस आरामात उतरतो, दोन घमेली गाळ वर देतो आणि मग पडतो, त्याचं कारण हे.

म्हणून मीटर कसा वापरतात ते एकदा बघण्यासारखं असतं. तळहाताएवढा पिवळा डबा, पडद्यावर चार आकडे: ऑक्सिजन, एलईएल, हायड्रोजन सल्फाइड, कार्बन मोनॉक्साइड. वाकून मॅनहोलच्या तोंडाशी धरला की काम झालं असं नाही. आतली हवा ओढायची नळी आधी वरच्या थरात, मग मधे, मग तळाशी सोडायची, आणि प्रत्येक ठिकाणी थांबायचं, कारण नळीतून हवा यायला आणि आकडा स्थिरावायला वेळ लागतो. आधी ऑक्सिजन वाचायचा. मीटरमधला एलईएलचा नेहमीचा सेन्सर वायू जाळून मोजतो, त्यालाच पुरेसा ऑक्सिजन मिळाला नाही तर तो खोटा शून्य दाखवतो. घाईत असलेला सुपरवायझर नेमका आकडा स्थिरावण्याआधीच नळी वर ओढून घेतो.

ओल्या रुमालाबद्दल फार लिहायला नको. रुमाल ऑक्सिजन तयार करत नाही. करोनानंतर घरोघरी असलेला एन-९५ मास्क धूळ अडवतो, वायू नाही. रासायनिक डबीचा मास्कसुद्धा बाहेरचीच हवा गाळून देतो. हवेत ऑक्सिजनच नसेल तर तो काय गाळणार? अशा जागी पाठीवर स्वतःच्या हवेची टाकी असलेला संच लागतो. काही जण आत ऑक्सिजनचा सिलिंडर सोडून देतात, तो तर आगीला आवतण: २३.५ टक्क्यांच्या वर ऑक्सिजन गेला की कपडेसुद्धा भडकतात.

दोरीचा सल्ला ऐकायला शहाणपणाचा वाटतो. पण बेशुद्ध माणूस कमरेच्या दोरीने ओढला की मधून दुमडतो, डोकं आणि पाय खाली लोंबतात, आणि जेमतेम दोन फुटांच्या मॅनहोलमध्ये तो आडवा अडकतो. वर दोन माणसं असून काही उपयोग होत नाही. अंगभर पट्ट्यांचा हार्नेस असतो त्याची कडी पाठीवर, दोन खांद्यांच्या मधे असते, म्हणून माणूस उभाच वर येतो. वर तिपाई आणि हाताने फिरवायचं रहाट, म्हणजे एकट्या माणसालाही त्याला काढता येतं. आत न उतरता.

'आत न उतरता' हे मेसेजमध्ये कुठेच नाही, आणि माझ्या मते त्याचा सगळ्यात मोठा गुन्हा हाच. अमेरिकेच्या नायोश या सरकारी संस्थेने १९८६ च्या सूचनापत्रात नोंदवलं होतं की अशा जागांतल्या मृत्यूंपैकी ६० टक्क्यांहून अधिक वाचवायला गेलेल्यांचे असतात. वाकडीत वेगळं काय झालं? भाऊ खाली पडलेला दिसत असताना वर उभं राहायचं हे कुणालाही जमणं अवघड आहे. म्हणूनच उतरण्याआधी ठरवून ठेवतात की बाहेरचा माणूस कोणत्याही परिस्थितीत आत जाणार नाही; तो ब्लोअर चालू ठेवेल, रहाट फिरवेल, १०१ किंवा ११२ ला फोन करताना 'टाकीत वायू आहे' हे आधी सांगेल, म्हणजे अग्निशमन दल हवेचे संच घेऊनच येईल.

राहिला 'नाटकं' हा शब्द. परमिट हा कंपन्यांचा शोध नाही. १९४८ च्या त्या कायद्याच्या कलम ३६ मध्येच ते होतं: जाणकार माणसाने स्वतः तपासणी करून आत धोकादायक वायू नाही असं लेखी द्यायचं, नाहीतर उतरणाऱ्याने श्वसनयंत्र आणि दोरीचा पट्टा घालायचा आणि दोरीचं टोक बाहेरच्या माणसाच्या हातात असायचं. त्या कागदावर सही करणाऱ्याचं नाव असतं. मेणबत्तीवर कुणाचीच सही नसते, म्हणून ती ठेकेदाराला आवडते.

आणि सोसायटीच्या सेक्रेटरींनी तर हा मेसेज पुढे ढकलण्याआधी २०१३ चा हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणारा कायदा बघावा. सेप्टिक टँक किंवा गटारात माणसाला धोकादायक सफाईसाठी उतरवायलाच त्याच्या कलम ७ ने मनाई आहे; पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मृत्यू झाला तर ३० लाखांच्या भरपाईचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये दिलेला आहे. 'तो स्वतःहून उतरला' ही सबब ठेकेदार नेहमी देतात. पण कुणाला उतरवायची गरजच नसते: उपसायचा टँकर फोन केला की येतो, नळी आत जाते आणि माणूस बाहेर राहतो.