नव्वद टक्के पेशी मेल्या, पण किती मात्रेला?
'अर्काने ९० टक्के कर्करोगपेशी नष्ट केल्या' असं वनस्पतीच्या अर्कावरच्या या लेखात म्हटलंय, पण अर्काची मात्रा कुठेच दिलेली नाही. त्या आकड्याशिवाय ९० टक्क्यांना काय अर्थ? कच्च्या अर्काची आयसी-५०, म्हणजे निम्म्या पेशींना रोखणारी मात्रा, मिलिलिटरला साधारण २०-३० मायक्रोग्रॅमच्या आत असेल तरच तो पुढे तपासण्याजोगा मानतात. भरमसाट मात्रा ओतली तर निरोगी पेशीही मरतात, आणि त्यांच्यावर हा अर्क वापरून पाहिला का, हेही लेखात नाही.

मी स्वतः एमटीटी चाचण्या केल्या आहेत; त्यांत पिवळं रसायन किती जांभळं होतं यावरून किती पेशी जिवंत आहेत याचा अंदाज घेतात. एका अर्काचा निकाल बघून आम्ही फार आनंदलो होतो. मग तुलनेसाठी नुसत्या डीएमएसओचा, म्हणजे अर्क ज्यात विरघळवतात त्या विद्रावकाचा कंट्रोल लावला, तर त्यातही पेशी जवळपास तितक्याच मेलेल्या! विद्रावकाचं प्रमाण २ टक्क्यांवर गेलं होतं. शिवाय एमटीटी पेशींचा मृत्यू थेट मोजत नाही, चयापचय मोजते. वनस्पतींतली काही पॉलिफेनॉल तर पेशी नसतानाही तो पिवळा रंग जांभळा करतात. सदाफुलीतून व्हिन्क्रिस्टीन मिळालं, यू झाडाच्या सालीतून पॅक्लिटॅक्सेल, दोन्ही कर्करोगावरची औषधं, त्यामुळे या संशोधनाबद्दल मला मनापासून आस्था आहे. पण यूची साल १९६२ मध्ये गोळा केली होती आणि औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली १९९२ मध्ये. कृपया मूळ शोधनिबंधातली मात्रा आणि निरोगी पेशींवरचे निकाल लेखात घाला. उपचार चालू असलेले रुग्णही हे वाचतात.