ओल कुणाची आणि डिपॉझिट कुणाचं?

भाडेकरू घर सोडताना 'भिंतींना बुरशी लागलीय' म्हणून रंगकामाचे पैसे डिपॉझिटमधून कापून घ्यायचे, हे सर्रास चालतं. माझा कल्याणचा फ्लॅट भाड्याने दिलाय आणि मी स्वतः ठाण्यात भाड्याने राहते, त्यामुळे दोन्हीकडची बोंब माझ्या कानावर येते. जुलै-ऑगस्टमध्ये इथलं घर कोरडं ठेवणं भाडेकरूच्या हातात नाहीच. बाहेरची हवाच ८५-९० टक्के दमट. खिडकी उघडली तर दमटपणा आत, लावून घेतली तर कुबट वास. त्याच्या हातात दोनच गोष्टी आहेत: घरात आणखी पाणी सोडायचं नाही, आणि ओल दिसली की लगेच कळवायचं.

पहिल्या बाबतीत लोक फार ढिले असतात. मशीनमधून पिळून निघालेल्या कपड्यांतही दीड-दोन लिटर पाणी सहज उरतं. ते बेडरूममध्ये वाळत घालून दार लावलं की तेच पाणी भिंतीवर, गादीत, कपाटामागे जाऊन बसतं. कपडे पंख्याखाली मोकळ्यावर वाळवा. आंघोळीनंतर एक्झॉस्ट १५-२० मिनिटं चालू ठेवा. कपाट बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं लांब ठेवा. आणि हो, डांबर गोळ्यांनी कसर जाते, ओल जात नाही!

पण स्लॅबला पिवळा डाग पडला, खिडकीच्या कोपऱ्यातून पुट्टीचे पोपडे सुटले, तर त्यात भाडेकरूचा काय दोष? वरच्यांची बाथरूम, बाहेरच्या प्लास्टरची भेग, भिंतीतला पाइप यांचा निस्तार मालकाने वरच्या फ्लॅटशी आणि सोसायटीशी भांडून करायचा. शंका असेल तर प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टी लावून भिंतीवर दोन दिवस ठेवा. प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला थेंब जमले तर पाणी भिंतीतून येतंय, बाहेरून जमले तर खोलीतल्या हवेचं आहे. वाद निम्मा तिथेच मिटतो.

आता भाडेकरूंना आवडणार नाही असं. गळती तुमची नसली तरी गप्प बसणं तुमचंच. जूनमध्ये प्लंबरने तासाभरात भागलं असतं, ते ऑक्टोबरपर्यंत प्लास्टर फोडण्यावर जातं. 'मालक कुठे ऐकतो' म्हणून सोडून देऊ नका. व्हॉट्सॲपवर फोटो टाका, तारीख आपोआप पडते. फोनवरचं बोलणं डिपॉझिटच्या वेळी कुणालाच आठवत नाही. लिव्ह अँड लायसन्सच्या नेहमीच्या मसुद्यात नुकसान भाडेकरूने भरून द्यायचं असतं, पण वापरातली नेहमीची झीज वगळून. फोटो नसतील तर झीज कुठली आणि नुकसान कुठलं, हे मालकच ठरवणार.

आणि मे महिन्यात घर बघायला गेलात, ब्रोकर 'फ्रेश पेंट आहे' म्हणाला आणि ताजा रंग नेमका एकाच भिंतीला दिसला, तर पलीकडे कुणाची बाथरूम आहे ते आधी शेजाऱ्यांना विचारा. टोकन नंतर.