'पेनिसिलिन घशाचा आजार हृदयावर ढकलते' या दाव्याचा प्रतिवाद

पालकांच्या व्हॉट्सॲप गटांतून एक संदेश थोड्याफार फरकाने सतत फिरत असतो. त्याचा आशय असा: मुलाच्या घशात स्ट्रेप्टोकॉकस जंतूचा संसर्ग झाला असता पेनिसिलिन दिले तर आजार दडपला जातो आणि आत शिरून सांध्यांवर, हृदयावर आणि मूत्रपिंडांवर उतरतो, बेलाडोना, मर्क सॉल, हेपार सल्फ यांसारख्या होमिओपॅथिक औषधांनी मात्र घसा चार दिवसांत मुळापासून बरा होतो, रक्ततपासणीत वाढलेला दिसणारा एएसओ हा या जंतूविरुद्धच्या प्रतिद्रव्यांचा आकडा याच गोळ्यांनी खाली येतो, स्ट्रेप्टोकॉक्सिनम नावाचे औषध दिले की संसर्ग पुन्हा होत नाही, आणि ज्या मुलांना दर २१ दिवसांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन चालू आहे, त्यांचेही ते बंद करता येते. युरोपात तर डॉक्टर घशासाठी अँटिबायोटिक देतच नाहीत, अशी पुस्ती शेवटी जोडलेली असते. हे वाचून एखाद्या घरात इंजेक्शन थांबवले गेले, तर त्याचे परिणाम त्या मुलाच्या हृदयाच्या झडपेला भोगावे लागतील. म्हणून यातला एकेक मुद्दा तपासून पाहणे मला आवश्यक वाटते.

आजार दडपला जाऊन हृदयावर उतरतो, हा या संदेशाचा कणा आहे. तो खरा असता, तर पेनिसिलिन येण्यापूर्वी र्‍हुमॅटिक फीव्हर, म्हणजे स्ट्रेप्टोकॉकसच्या घसादुखीनंतर काही आठवड्यांनी सांध्यांना आणि हृदयाला ग्रासणारा संधिवाती ताप, अस्तित्वातच नसता किंवा निदान दुर्मीळ असता. वस्तुस्थिती उलट आहे. या तापात काही मुलांचे हातपाय आपोआप वेडेवाकडे हलू लागतात. त्या अवस्थेचे वर्णन इंग्लंडमध्ये टॉमस सिडनहॅम यांनी १६८६ मध्ये केले. संधिवातात हृदय कसे सापडते, हे विल्यम चार्ल्स वेल्स यांनी १८१२ मध्ये लिहिले आणि पॅरिसच्या बुयो यांनी १८३६ मध्ये सांध्यांचा आजार व हृदयाचा आजार यांचा संबंध विस्ताराने मांडला. पेनिसिलिनचा शोध १९२८ मधला आणि रुग्णांसाठी त्याचा वापर सुरू झाला तो १९४० नंतर. १९२० च्या दशकात अमेरिकेत शाळकरी आणि किशोरवयीन मुलांच्या मृत्यूच्या प्रमुख कारणांत हाच ताप होता. त्या मुलांचा आजार कोणत्याही अँटिबायोटिकने दडपलेला नव्हता, कारण तेव्हा ते औषधच नव्हते.

मग हृदयाला इजा होते कशी? या जंतूच्या आवरणावर एम नावाचे प्रथिन असते आणि त्याच्या रचनेचा काही भाग माणसाच्या हृदयातील प्रथिनांशी मिळताजुळता असतो. जंतूशी लढण्यासाठी शरीराने तयार केलेली प्रतिद्रव्ये आणि पेशी या साधर्म्यामुळे काही मुलांत स्वतःच्याच हृदयावर, सांध्यांवर आणि मेंदूच्या काही भागांवर चालून जातात. जंतू हृदयात जाऊन बसलेला नसतो. तो घशात जितका जास्त काळ टिकतो, तितकी ही चुकीची ओळख पक्की होण्याला संधी मिळते. पेनिसिलिन जंतूची भिंत बांधली जाऊ देत नाही, त्यामुळे तो मरतो आणि ती संधीच कमी होते. आत ढकलले जावे असे काही यानंतर उरत नाही.

याची परीक्षाही झालेली आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतील वायोमिंग राज्यातल्या एका हवाई दलाच्या तळावर तरुण सैनिकांत स्ट्रेप्टोकॉकसच्या घसादुखीची साथ होती. तिथे काही रुग्णांना पेनिसिलिन दिले गेले आणि काहींना दिले गेले नाही. १९५० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आकड्यांनुसार पेनिसिलिन मिळालेल्या ७९८ जणांपैकी २ जणांना निश्चित संधिवाती ताप आला. न मिळालेल्या ८०४ जणांपैकी १७ जणांना आला. पेनिसिलिन आजार हृदयावर ढकलत असते, तर हे आकडे नेमके उलटे पडायला हवे होते. याच गटाने पुढे असेही दाखवले की घसा दुखू लागल्यापासून नवव्या दिवसापर्यंत औषध सुरू केले तरी हा बचाव मिळतो. पालकांसाठी ही मोठी सवड आहे, कारण घशाचा स्वॅब तपासून निकाल येईपर्यंत थांबणे त्यामुळे शक्य होते.

आता चार दिवसांत घसा बरा होण्याचा मुद्दा. ही गोष्ट खोटी नाही, आणि म्हणूनच तिच्याकडे नीट पाहायला हवे. स्ट्रेप्टोकॉकसची घसादुखी कोणतेही औषध न घेताही बहुतेकांत तीन ते पाच दिवसांत उतरते आणि आठवड्याभरात दहांपैकी आठांहून अधिक रुग्णांना काही त्रास उरत नाही. अँटिबायोटिकनेसुद्धा त्रासाचा काळ सरासरी सोळा तासांच्या आसपासच कमी होतो. त्यामुळे पहिल्या दिवशी बेलाडोना दिले आणि चौथ्या दिवशी मूल जेवू लागले, तर त्याचे श्रेय बेलाडोनाला देण्याला काही आधार नाही. पेनिसिलिन दिले असते तरी त्या बरे वाटण्याचे फार थोडे श्रेय पेनिसिलिनला गेले असते. पेनिसिलिन मुख्यतः दिले जाते ते पुढच्या संकटासाठी.

ते संकट दोन ते चार आठवड्यांनी येते. घोटा, गुडघा, कोपर असे एकेक मोठे सांधे आळीपाळीने सुजतात, ताप येतो, धाप लागते. हातापायांच्या आपोआप होणाऱ्या हालचाली तर कित्येक महिन्यांनीही सुरू होऊ शकतात. शिवाय साथीच्या काळातही उपचार न घेतलेल्या शंभर रुग्णांपैकी सुमारे तिघांनाच हा ताप येतो आणि एरवी त्याहून पुष्कळ कमी जणांना. याचा अर्थ असा की वर्षानुवर्षे मुलांचे घसे गोळ्यांनी बरे करणाऱ्या एखाद्या प्रामाणिक होमिओपॅथला शंभरातली सत्त्याण्णवहून अधिक मुले ठणठणीत झालेली दिसणारच. उरलेली मुले महिन्याभराने सुजलेला गुडघा घेऊन हाडांच्या डॉक्टरकडे जातात, किंवा काही वर्षांनी धाप लागते म्हणून हृदयरोगतज्ज्ञाकडे जातात, आणि घशाच्या त्या जुन्या दुखण्याची आठवण तोवर कुणालाच राहिलेली नसते. मी त्या होमिओपॅथच्या हेतूवर शंका घेत नाही. माझे म्हणणे इतकेच आहे की एका दवाखान्यात बसून हा फरक दिसूच शकत नाही. त्यासाठी वायोमिंगसारखी, दोन्ही बाजूंच्या शेकडो रुग्णांचा नंतर काही आठवडे मागोवा घेणारी चाचणी लागते. होमिओपॅथीच्या कोणत्याही औषधाने संधिवाती ताप टळतो हे दाखवणारी अशी चाचणी समोर आलेली नाही. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य व वैद्यकीय संशोधन परिषदेने ६१ आजारांवरील १७६ अभ्यास तपासून २०१५ मध्ये निष्कर्ष काढला की ज्यावर होमिओपॅथी परिणामकारक असल्याचा भरवशाचा पुरावा आहे, असा एकही आजार सापडत नाही.

त्याचे कारण औषधाच्या घडणीतच आहे. तीस शततमी पोटेन्सी म्हणजे मूळ द्रव्य शंभरपट विरल करण्याची क्रिया तीस वेळा करणे; एकावर साठ शून्ये इतके ते विरल होते. बाराव्या पायरीच्या सुमारासच मूळ द्रव्याचा एखादा रेणू शिल्लक राहण्याची शक्यता संपते. घशात वाढणाऱ्या जिवंत जंतूला मारायला त्या गोळीत साखरेखेरीज काही नसते. ज्यांची होमिओपॅथीवर श्रद्धा आहे, त्यांना मी होमिओपॅथीचे जनक हानेमान यांच्याच 'ऑर्गेनॉन' या ग्रंथाकडे वळायला सांगेन. आजाराचे उघड कारण समोर असेल तर वैद्याने ते आधी दूर करावे, असे त्यांनी सातव्या सूत्राच्या टिपेत म्हटले आहे; डोळ्यात गेलेला कण काढावा, फार घट्ट बांधलेली पट्टी सैल करावी, अशी उदाहरणेही दिली आहेत. स्वॅबमध्ये स्ट्रेप्टोकॉकस दिसला, तर याहून उघड कारण आणखी कोणते असणार?

एएसओविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण आपल्याकडे या एका तपासणीने जितका गोंधळ माजवला आहे तितका क्वचितच कुठल्या तपासणीने माजवला असेल. जंतू स्ट्रेप्टोलायसिन ओ नावाचे विष सोडतो आणि त्याविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिद्रव्ये एएसओ तपासणीत मोजली जातात. संसर्गानंतर आठवड्याभरात त्यांचे प्रमाण वाढू लागते, तीन ते पाच आठवड्यांत ते शिगेला पोहोचते आणि मग पुढील काही महिन्यांत, कधी वर्षभरात, हळूहळू आपोआप उतरते. शाळेत जाणाऱ्या मुलाला असा संसर्ग अधूनमधून होतच असतो. त्यामुळे पूर्ण निरोगी मुलाच्या अहवालातही २०० च्या वरचा आकडा आढळतो. हा आकडा पूर्वी संसर्ग होऊन गेल्याची खूण सांगतो. तो स्वतः आजार नाही. म्हणून एएसओ ४०० वरून २०० वर आले हे दाखवणारे दोन अहवाल शेजारी ठेवून गोळ्यांचा गुण सिद्ध होत नाही. त्या मुलाने त्या महिन्यांत काहीही घेतले नसते, तरी बहुधा हेच झाले असते. इथे दोष फक्त होमिओपॅथीच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. रात्री पोटऱ्या दुखतात एवढ्यावरून एएसओ तपासणारे आणि केवळ त्या आकड्यावर मुलाला अनेक वर्षांची इंजेक्शने लावणारे ॲलोपॅथीचे डॉक्टरही आहेत, आणि अशा अनावश्यक उपचाराने पोळलेली घरेच या संदेशावर सर्वांत लवकर विश्वास ठेवतात. संधिवाती तापाचे निदान जोन्स यांच्या निकषांवर, म्हणजे सांधे, हृदय, त्वचा आणि हालचाली यांच्या तपासणीवर होते, आणि हृदयाची इकोकार्डिओग्राफी, म्हणजे ध्वनिलहरींनी केलेली 'इको' तपासणी, त्याचा महत्त्वाचा भाग आहे. एएसओ तिथे केवळ साक्षीदार असतो.

स्ट्रेप्टोकॉक्सिनमचा मुद्दा लवकर आटोपतो. जंतूपासून काढलेले, पण इतके विरल केलेले औषध की त्यात जंतूचा अंशही नाही, त्याला लसीसारखे म्हणता येत नाही. शरीराला ओळख पटेल इतके तरी काही लसीत असावे लागते. या जंतूचे एम प्रथिनावरून केलेले दोनशेहून अधिक प्रकार आहेत आणि जगभर अनेक दशके प्रयत्न होऊनही त्यावर वापरात आलेली लस आजपर्यंत नाही.

मूत्रपिंडांच्या बाबतीत मात्र संदेश लिहिणाऱ्याच्या हाती अर्धे सत्य लागलेले आहे. संसर्गानंतर घशाच्या बाबतीत एक ते तीन आठवड्यांनी आणि त्वचेवरील पुवाळलेल्या फोडांच्या बाबतीत तीन ते सहा आठवड्यांनी चेहरा सुजणे, लघवी चहासारखी काळपट होणे, रक्तदाब वाढणे ही लक्षणे दिसतात, आणि पेनिसिलिनने हा विकार हमखास टळतो असे सिद्ध झालेले नाही. परंतु पेनिसिलिनने तो होतो, असेही नाही. बहुतेक मुले यातून पूर्ण बरी होतात; ती गोळ्यांशिवायही होतात.

युरोपाविषयीच्या वाक्यातही तथ्य आहे, पण ते अर्धेच उचलले आहे. नेदरलँड्ससारख्या देशांत साध्या घसादुखीला अँटिबायोटिक देणे टाळतात, कारण तिथे संधिवाती ताप जवळजवळ दिसेनासा झाला आहे. तरीही २०२२ च्या हिवाळ्यात ब्रिटनमध्ये याच जंतूच्या गंभीर संसर्गाने मुले दगावू लागली, तेव्हा तिथल्या यंत्रणेने अँटिबायोटिक देण्याचा उंबरठा तात्पुरता खाली आणला. भारतातील परिस्थिती मुळातच निराळी आहे. या तापामुळे हृदयाची द्विदल झडप निरुंद होण्याचा विकार इथे किशोरवयातच दिसतो, हे दिल्लीच्या डॉक्टरांनी १९६३ मध्येच जगासमोर मांडले होते. झडपेचा हा दोष माहीतच नसलेल्या किती तरी तरुण स्त्रियांना तो पहिल्यांदा कळतो तो गरोदरपणात अचानक धाप लागल्यावर. घसा दुखणाऱ्या मुलांपैकी पाचांतल्या तीन-चार मुलांना विषाणूचा संसर्ग असतो आणि त्यांना अँटिबायोटिकचा काहीही उपयोग नसतो, हे खरेच आहे. नाक वाहत असेल, खोकला असेल, आवाज बसला असेल, तर वाट पाहावी. ताप, गिळताना वेदना, टॉन्सिलवर पांढरे ठिपके, मानेत दुखऱ्या गाठी आणि खोकल्याचा अभाव असे चित्र असेल, तर स्वॅब करून घ्यावा आणि जंतू सापडल्यास पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन पूर्ण दहा दिवस द्यावे. हा जंतू पेनिसिलिनला आता दाद देत नाही, असेही काही संदेशांत लिहिलेले असते. ॲझिथ्रोमायसिनच्या गटातील औषधांना दाद न देणारे स्ट्रेप्टोकॉकस आढळतात. पेनिसिलिनचा मात्र त्यावरील परिणाम आजही टिकून आहे.

राहिला २१ दिवसांच्या इंजेक्शनचा दावा, जो सर्वांत घातक आहे. एकदा संधिवाती ताप येऊन गेलेल्या मुलाला पुढच्या प्रत्येक संसर्गानंतर तो पुन्हा येण्याचा धोका इतरांहून कितीतरी जास्त असतो आणि दर खेपेला झडपेवरचा व्रण वाढतो. या इंजेक्शनातले बेन्झाथिन पेनिसिलिन हा खेळ थांबवते. युगांडातील गुलू येथे झडपेत इकोवर नुकतीच खूण दिसलेल्या ५ ते १७ वर्षांच्या ८१८ मुलांवर चाचणी झाली. दोन वर्षांनी दर चार आठवड्यांनी इंजेक्शन घेणाऱ्यांपैकी ०.८ टक्के मुलांत विकार वाढलेला आढळला आणि न घेणाऱ्यांपैकी ८.२ टक्के मुलांत. इंजेक्शन फार दुखते, आणि त्याची रिॲक्शन येते ही भीतीही निराधार नाही, म्हणून ते सोय असलेल्या ठिकाणी, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावे. परंतु १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय पाहणीत ३२,००० हून अधिक इंजेक्शनांमागे तीव्र ॲलर्जिक रिॲक्शन चार वेळा आली होती. झडपेला इजा झालेली असेल तर ही इंजेक्शने किमान दहा वर्षे किंवा वयाच्या चाळिशीपर्यंत, यांपैकी जे नंतर येईल तोवर, घ्यावी लागतात, कधी जन्मभरही. ज्यांना सोबत होमिओपॅथीच्या गोळ्या घ्यायच्या असतील त्यांनी त्या घ्याव्यात, पण इंजेक्शनची तारीख चुकवू नये, आणि ते थांबवण्याचा निर्णय इको पाहिलेल्या हृदयरोगतज्ज्ञावरच सोपवावा.